पाण्यात पाहणारी माणसं

धाकटीने कपाटातून चार ताटं काढून टेबलावर मांडली, तेव्हा बटाटे सोलता सोलता आई म्हणाली, "अजून एक घे."

"वहिनी येतेय?"

"नाही, तिच्या शाळेत परीक्षा आहेत."

"मग कुणाचं?"

आईने हातातला बटाटा जरा जास्तच मन लावून सोलला. "डावऱ्या येतोय. साडेबाराच्या गाडीने."

पाचवं ताट धाकटीच्या हातातच राहिलं. आजच्या जेवणासाठी तिने सकाळची प्रॅक्टिस अर्धा तास आधी सोडली होती, केसांतला क्लोरीनचा वास जावा म्हणून दोनदा डोकं धुतलं होतं, क्लबचा निळा शर्ट इस्त्री करून घातला होता. संध्याकाळी पाचला क्लबच्या कमिटीची बैठक होती. वॉटर पोलोच्या मोठ्या टीमचा कायमचा मुख्य प्रशिक्षक आज ठरणार होता, आणि सर लिहून देतील ते नाव कमिटी डोळे झाकून घेणार होती.

सर म्हणजे तिचे वडील. घरात त्यांना बाबा म्हणणारी दोनच माणसं, ती आणि तिचा थोरला भाऊ. बाकी सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. आई एरवी 'अहो' म्हणायची, पण चिडली की तीही 'सर'च म्हणायची. नऊ राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवलेला माणूस. आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय गेल्यासारखाच झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तलावाच्या काठावर उभी राहिली ती धाकटी. त्याआधी अकरा वर्षं ती ज्युनिअर पोरांना शिकवत होती. तेव्हापासून एकही दिवस तिने चुकवला नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी टीम उपांत्य सामना अकरा-सात असा जिंकली होती; अंतिम सामना अजून व्हायचा होता.

"बाबांनी बोलावलं त्याला?"

"काल फोन करायला लावला मला."

"काल. आणि तू मला आज सांगतेस, ताटं मांडताना."

"काल सांगितलं असतं तर तू आज आली नसतीस," आई म्हणाली. "आणि हे बघ, नुसतं भेटायला बोलावलं असेल. सहा वर्षं या घरात राहिलाय तो पोरगा."

"पोरगा एकोणपन्नास वर्षांचा आहे, आई. त्याने स्वतःच्या क्लबला चार अजिंक्यपदं मिळवून दिली आहेत. आणि आजच भेटायला येतोय."

आईने सुरी खाली ठेवली. धाकटीने पाचवं ताट मांडलं. सरांच्या उजव्या हाताला मांडलं, कारण तेरा वर्षांचा डावऱ्या सरांकडे खेळ शिकायला पहिल्यांदा या घरात आला तेव्हापासून त्याची जागा तीच होती. ती स्वतः तेव्हा पाच वर्षांची होती, आणि त्या जागेवर आधी ती बसायची.

थोरल्याचं चष्म्याचं दुकान शनिवारी दुपारी बंद असे. तो आला तेव्हा धाकटी मागच्या अंगणात दोरीवरचे टॉवेल काढत होती. इतक्या जोरात ओढत होती की चिमटे उडत होते.

"कळलं," तो म्हणाला. "आईने दारातच सांगितलं."

"मग काय म्हणायचंय तुझं?"

थोरला अंगणातल्या कट्ट्यावर बसला. त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. काय बोलावं हे ठरेना की तो तसं करायचा. त्याला बहिणीची कीव येत होती, आणि कीव येत असतानाच आत कुठेतरी बरंही वाटत होतं. ते त्याचं त्यालाच आवडलं नाही. तीस वर्षांपूर्वी पहिल्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याच्या सकाळी सरांनी पाण्यात उतरणाऱ्यांच्या नंबरच्या टोप्या वाटल्या होत्या. चार नंबरची टोपी वर्षभर त्याची होती. त्या सकाळी सर त्याच्यापुढून सरळ गेले आणि टोपी डावऱ्याच्या हातात दिली. ना शब्द, ना नजर. डावऱ्याने त्या सामन्यात डाव्या हाताने तीन गोल मारले. टीमच्या फोटोत थोरला आहे, मागच्या रांगेत, कपडे घालून, कोरडा. त्यानंतर तो पाण्यात उतरला नाही. आणि त्याच तलावाच्या काठावर वडिलांच्या शेजारी उभी राहायला पुढे धाकटी गेली. घरात दोघांचं गुळपीठ झालं. जेवताना मिठाची, काकडीची मांडामांड करून दोघं डाव समजावायचे, आणि थोरल्याने काही विचारलं की सर म्हणायचे, "तुला नाही कळायचं."

"आता तुला कळेल," तो म्हणून गेला.

धाकटी वळली. "काय कळेल?"

"काही नाही."

"नाही, बोल. बरं वाटतंय ना तुला?"

"थोडंसं," थोरला म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं. "थोडंसं वाटलं. मग वाईट वाटलं."

तिने हातातला टॉवेल त्याच्या तोंडावर फेकला, पण ती हसली. गेल्या कित्येक महिन्यांत ती त्याच्याकडे बघून हसली नव्हती.

"दादा, मी काय कमी केलं रे? आठ महिने. उपांत्य सामना मी जिंकला. पेपरात काय छापून आलं? 'सरांची भिंत पुन्हा अभेद्य.' भिंत लावलीच नव्हती मी! एक मिनिटसुद्धा नाही. वार्ताहराला कळलं नाही, कमिटीला कळलं नाही. आणि बाबांनी तो कागद फ्रेम करून घेतला."

थोरल्याने टॉवेलची घडी घातली. "बाबांना तरी कळलं का?"

"कळलं असतं तर बोलले असते ना," धाकटी म्हणाली.

डावऱ्या आला तो हातात मोठा खोका घेऊन. आईसाठी पाय शेकायचं यंत्र आणलं होतं. "काकू, फोनवर म्हणालात ना गुडघे दुखतात." तो वाकला, आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्याच क्षणी तिला आपल्या दोन्ही मुलांचे चेहरे दिसले. थोरला घड्याळ बघत होता. धाकटी पाणी ओतत होती, पेला भरून वाहायला लागला तरी ओतत होती.

पण आईलाही काहीतरी खुपलंच. कारण डोक्यावरचा हात काढायच्या आत डावऱ्या म्हणाला, "सर कुठायत?" आणि खोका तिच्या हातात देऊन आत गेला. चाळीस वर्षांत त्या घरात आलेलं प्रत्येक माणूस तिला खोका देऊन आत गेलं होतं.

जेवण सुरू झालं. सर डाव्या हाताने चमचा धरून जेवत होते. हळू बोलायचे आता, पण शब्द स्पष्ट होते.

"सेंटरचा खेळाडू बदललास."

"हो सर. आधीचा खांद्याने गेला."

"भिंत चांगली लावतात तुझी पोरं. मी बघतो टीव्हीवर. माझ्यासारखीच लावतात."

"तुमचीच आहे सर."

धाकटीने ताटातला बटाटा चमच्याने दाबून सपाट केला.

भिंत म्हणजे काय हे या घरातल्या भिंतींनाही पाठ होतं. समोरच्या टीमने चेंडू घेतला की आपल्या पाचजणांनी मागे यायचं, गोलसमोर अर्धवर्तुळ करून पाण्यात उभं राहायचं, हात वर करायचे. समोरच्याला फेकायला एवढीशी खिडकी उरते, आणि ती खिडकी गोलकीपर सांभाळतो. या एका युक्तीवर सरांनी नऊ आणि डावऱ्याने चार अजिंक्यपदं घेतली होती.

सरांनी चमचा ठेवला. "आज पाचला बैठक आहे. मी नाव देणार आहे. घरात आधी सांगतो म्हणजे नंतर कटकट नको." ते डावऱ्याकडे बघत होते. "तू येतोस. सगळं सोडून ये. मी सेक्रेटरीशी बोललोय."

डावऱ्याचे कान लाल झाले. आईला ते लाल होणं ओळखीचं होतं. तेराव्या वर्षी शेवटचा मासा कुणी त्याच्या ताटात वाढला की त्याचे कान असेच व्हायचे. त्याला तो हवाच असायचा.

"बाबा," धाकटी म्हणाली, "माझ्यात काय कमी आहे तेवढं सांगा."

"कमी-जास्तीचा प्रश्न नाही. अनुभवाचा आहे."

"अकरा वर्षं आणि आठ महिने."

"ज्युनिअर पोरांचा."

"उपांत्य सामना ज्युनिअर पोरांचा होता का?"

"एक सामना जिंकला म्हणजे..."

"बाबा, तिचं बरोबर आहे," थोरला म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पाण्याच्या विषयावर तो या टेबलावर कित्येक वर्षांत बोलला नव्हता. "कारण द्या. मला दिलं नव्हतंत. तिला तरी द्या."

"तू यात पडू नकोस. तुला नाही कळायचं."

"मला खेळ कळत नाही. कारण न देता बाजूला सारणं कळतं. त्यात माझ्याइतका अनुभव कुणालाच नाही."

डावऱ्या म्हणाला, "सर, मी जरा बाहेर..."

"बस," आई म्हणाली. इतक्या मोठ्याने की तो उठता उठता बसला. तिने हात पुसले आणि नवऱ्याकडे वळली. "सर, तो उपांत्य सामना तुम्ही किती वेळा बघितलात?"

"कोणता?"

"सगळ्यांना माहितेय कोणता. तुमच्या खोलीत, आवाज बंद करून. मी मोजलंय, अकरा वेळा."

"मी प्रशिक्षक आहे. सामने बघणं माझं काम आहे. मी काय बघत होतो ते तुला काय समजणार?"

"सामन्यातलं मला काही समजत नाही. मी तुमचा चेहरा बघत होते." आईचा आवाज खाली आला. "शेजारच्यांनी नवी गाडी घेतल्यावर माझे वडील खिडकीतून बघायचे, तसा होता तो. तुमच्या पोटात दुखतंय, दुसरं काही नाही. तिने तुमची भिंत लावली नाही, लावल्याशिवाय जिंकली, आणि ते तुम्हाला पहिल्या मिनिटालाच कळलंय."

धाकटीने वडिलांकडे पाहिलं. तिला वाटत होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांचा डावा हात टेबलावरचा चमचा सरळ करत होता, पुन्हा पुन्हा.

"कळलं होतं तुम्हाला?" ती म्हणाली. "आणि पेपरातला तो मथळा फ्रेम केलात?"

"भिंत कुणी तोडलेली नाही," सर म्हणाले. "तीस वर्षांत नाही. एका सामन्यात नाही लावली म्हणून ती जुनी होत नाही. डावऱ्या ती टिकवेल. तू टाकून देशील. आणखी दोन वर्षांनी कुणाला आठवणारसुद्धा नाही की इथे कुणी काय उभं केलं होतं."

तेवढं बोलून त्यांना दम लागला. खरं कारण तोंडातून निघून गेलं होतं आणि आता ते परत घेता येत नव्हतं.

धाकटी उठली. "मी तोडते. आज चारला प्रॅक्टिस आहे. भिंत तुमची, लावायला तुमचा डावऱ्या, माझे सगळ्यात चांगले सात खेळाडू त्याला घेऊ देत. मी दुसऱ्या टीमची पोरं घेते. या बघायला."

"मी तलावावर येत नाही."

"माहितेय. चाकाच्या खुर्चीत दिसायचं नाही तुम्हाला."

ती गेल्यावर थोरला हळूच हसला. "या घरात सगळेच एकमेकांना पाण्यात पाहतात," तो म्हणाला. "निदान आज तरी खरोखरच्या पाण्यात पाहू."

चारला दहा मिनिटं असताना डावऱ्या तलावाच्या काठावर उभा होता. आठ महिन्यांत नव्हे, अठरा वर्षांत तो इथे आला नव्हता. फरशा तशाच होत्या, पायाला खरबरीत लागणाऱ्या. पाण्यात सात जण गळ्यापर्यंत उभे होते, खाली पाय चाकासारखे फिरवत, आणि त्याच्याकडे बघत होते. त्याचं नाव त्यांना ठाऊक होतं. त्यांना भिंत लावायला सांगताना त्याला कुठलाही शब्द शोधावा लागला नाही.

त्याला ही जागा हवी होती. गाडीत बसल्यापासून तो स्वतःशी म्हणत होता की सरांना बघायला चाललोय, पण बॅगेत त्याने पोहण्याची चड्डी आणि शिट्टी घातली होती. तीस वर्षं त्याला ही जागा हवी होती. दुसऱ्या शहरात चार अजिंक्यपदं घेऊनही दरवेळी त्याला वाटायचं, आपण परक्याच्या घरात यजमानासारखं वागतोय.

दार उघडलं. थोरला चाकाची खुर्ची ढकलत आत आला. खुर्चीत सर होते, छातीपर्यंत चादर ओढून. पाण्यातल्या एकाने टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. सरांनी डावा हात उचलला तो 'पुरे' म्हणायला.

"सहा हल्ले," पलीकडच्या काठावरून धाकटी म्हणाली. "बरोबर आहे?"

"चालेल," डावऱ्या म्हणाला.

पहिला हल्ला. तिच्या पोरांनी बाहेरून फेकला, भिंतीच्या हातांना लागून चेंडू उडाला. दुसरा. गोलकीपरने छातीवर घेतला. सरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला.

"पाहिलंस?" ते थोरल्याला म्हणाले. "बाहेरून फेकतात. सगळे बाहेरूनच फेकतात."

तिसऱ्या वेळी धाकटीने दोन बोटं वर केली. तिचे दोघे खेळाडू चेंडूकडे न बघता सरळ भिंतीच्या दिशेने पोहत सुटले, हातांच्या खालून आत शिरले आणि शिरून थांबले. भिंतीतल्या दोघांना कळेना, समोर बघावं की मागे. हात वर करून पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला पटकन वळता येत नाही. ते वळेपर्यंत चेंडू डावीकडून उजवीकडे गेला, पाण्याला न टेकता पुन्हा डावीकडे आला, आणि गोलकीपर अजून उजव्या खांबाशीच होता.

जाळं हललं.

चौथा, तसाच. पाचव्याला डावऱ्या ओरडला, "आतल्याला सोडू नका, खाली बसा!" आणि त्यांनी हात खाली घेतले, तर बाहेरच्या पोराने डोक्यावरून गोल मारला. सहाव्याला त्याच्याकडे ओरडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

डावऱ्याच्या मनात पहिल्यांदा काय आलं? हे मला का सुचलं नाही. दुसऱ्यांदा आलं, हिने हे आमच्याविरुद्ध वापरलं तर. आणि मग तो मोठ्याने म्हणाला, "धाकटे, फेब्रुवारीत आमचा सामना आहे तुमच्याशी. तेव्हा एवढं करू नकोस."

पोरं हसली. ती हसली नाही. ती वडिलांकडे बघत होती.

सरांना काठ, पोरं, आवाज, सगळं एकदमच दिसत होतं. टीव्हीवर हे पोहणं दिसलं नव्हतं. टीव्हीवर चेंडू दिसतो, बाकीची माणसं दिसत नाहीत. भिंत त्यांनी उभी केली ती त्यांच्याकडे पोहणारी पोरं नव्हती म्हणून. पहिली टीम म्हणजे गोदीतले, बेकरीतले, कारखान्यातले तरुण. अंगात ताकद, पण वेग नाही. पाठलाग करता येत नव्हता, म्हणून उभं राहायला शिकवलं. ते कुणाला सांगितलं नव्हतं. लोक त्याला प्रतिभा म्हणाले आणि त्यांनी म्हणू दिलं. समोरची ही पोरं माशांसारखी पोहत होती. यांना उभं करून ठेवणं म्हणजे...

त्यांना ते वाक्य मनातसुद्धा पुरं करवेना.

धाकटी काठावरून चालत त्यांच्यापाशी आली. "जानेवारीतच कळलं होतं," ती म्हणाली. "आपल्याच दुसऱ्या टीमने प्रॅक्टिसमध्ये तोडली. आपल्याला तोडता आली म्हणजे बाहेरच्यांनाही आज ना उद्या येणार. म्हणून मी ती लावणंच सोडलं. बाहेरच्यांना कळायच्या आत."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही आजारी होतात."

"धाकटे."

तिने मान वळवली. "मला ते माझं म्हणून ठेवायचं होतं. या तलावात सगळंच तुमचं आहे. एक गोष्ट माझी असावी असं वाटलं."

सरांनी मान हलवली. ही भाषा त्यांना कळत होती.

डावऱ्या टॉवेल खांद्यावर टाकून आला. "सर, मला यायचं होतं. खोटं सांगत नाही, बॅगेत शिट्टी आहे माझ्या. पण मी आलो तर ही वर्षभरात दुसऱ्या क्लबात जाईल आणि तिथून येऊन सगळ्यांसमोर मला उघडं पाडेल. त्यापेक्षा तिकडे राहून हरलेलं बरं."

"मी तुझ्या मेहरबानीवर काही घेणार नाही," धाकटी म्हणाली.

"मेहरबानी कसली? घाबरलोय मी."

ऑफिसात सेक्रेटरी वाट बघत होता. पाचला वीस मिनिटं होती. सर म्हणाले, "थोरल्या, कागद आण. मला लिहिता येत नाही."

तिकीट खिडकीच्या लाकडी फळीवर कागद ठेवून थोरला लिहायला बसला. तिथे ते दोघंच होते, पाण्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. सर सांगत गेले, तारीख, कमिटीचं नाव, विषय. मग त्यांनी मुलीचं पूर्ण नाव सांगितलं आणि थोरल्याने ते आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं.

"कारण लिहायचं का?" त्याने विचारलं.

सरांनी पाण्याच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "लिही. ती माझ्यापेक्षा चांगली आहे." दात उपटल्यासारखं बोलले.

"असंच लिहू?"

"नको... लिही. असंच लिही."

थोरल्याने लिहिलं. मग पेन तसंच धरून म्हणाला, "माझ्याबद्दल असं एक वाक्य कुणाला कधी बोलला होतात?"

सर त्याच्याकडे बघत राहिले. "तुला वगळलं ते बरोबर होतं," ते म्हणाले. "तो तुझ्यापेक्षा चांगला होता. आजही मी तेच करेन."

"ते मला तेव्हाही माहीत होतं."

"टोपी देताना तुझ्याकडे बघायला हवं होतं. ते नाही केलं." त्यांचा आवाज अडखळला, आणि हे झटक्यामुळे की कशामुळे ते थोरल्याला कळलं नाही. "बघितलं असतं तर दिली असती तुलाच. आणि हरलो असतो."

थोरल्याने चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा लावला. मग कागद वडिलांच्या पुढ्यात धरला. सरांनी डाव्या हाताने सही केली. ती सहीसारखी दिसत नव्हती, म्हणून थोरल्याने खाली आपली साक्षीदार म्हणून सही केली.

कागद सेक्रेटरीकडे देऊन ते परत तलावाशी आले तेव्हा धाकटी पोरांना पुढचा सराव देत होती. थोरल्याने तिला खुणेने सांगितलं. तिने डोळे मिटले, उघडले.

"मला आनंद झालेला नाही," सर तिला म्हणाले. "आत्ताच सांगून ठेवतो. खरं आहे म्हणून लिहिलं."

"माहितेय, बाबा."

"उद्या-परवा होईल कदाचित."

"नाही झाला तरी चालेल. सही झाली ना?"

सर हसले, तोंडाच्या एकाच बाजूने. मग त्यांचं लक्ष गोलकीपरकडे गेलं. "ए!" ते ओरडले, त्या अशक्त आवाजात. "उजवं कोपर! पाण्यात बुडतं तुझं. चेंडू यायच्या आधीच बुडतं." गोलकीपर काठाशी आला. मग दुसरा आला, तिसरा आला. पाहता पाहता चौदाच्या चौदा टोप्या खुर्चीसमोर गोळा झाल्या, आणि सर डाव्या हाताने कोपर दाखवू लागले, आणि पोरं तोंडं उघडी टाकून बघू लागली.

धाकटी काठाच्या मध्यावर एकटी उभी होती. आता हा तलाव कागदोपत्री तिचा झाला होता, आणि तरी तिला जुनंच काहीतरी वाटलं. पाच वर्षांची असताना जेवणाच्या टेबलावरची तिची जागा डावऱ्याला गेली तेव्हा वाटलं होतं, तेच. थोरल्याने ते ओळखलं. डावऱ्यानेही ओळखलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

तिने दोन मिनिटं जाऊ दिली. कोपराबद्दलचं ते म्हणणं बरोबर होतं.

"सर," मग ती म्हणाली. "माझी प्रॅक्टिस चालू आहे."

सरांचा हात हवेतच थांबला. पोरांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. कुणी पाण्यात हललं नाही.

"थोरल्या," सर म्हणाले, "खुर्ची मागे घे."

थोरल्याने खुर्ची दोन हात मागे ओढली.

"अजून," धाकटी म्हणाली.